देवाच्या उजव्या हाताला

उंडीचा तिठा, मालवण
१८ नोव्हेंबर १९५७

चि. प्रेमलता,

आईचा आशीर्वाद घे. सांगणारी तुझी आई हिराबाई, लिहिणारा श्रीपाद शिंपी. मशीन बंद करून लिहायला बसलो आहे, त्यामुळे कोणाची तरी चोळी आज अर्धीच राहणार.

तुला कोल्हापूरच्या कॉलेजात पाठवल्यापासून आई रोज विचारते, "पत्र इला?" आलं की दोनदा वाचून घेते. एकदा ऐकण्यासाठी आणि एकदा मी काही गाळलं का ते बघण्यासाठी.

बातमी वाईट आहे, पण घाबरू नकोस. परवा सकाळी तिठ्यावर चिऱ्यांची लॉरी कुडाळकडून आली आणि वळणावर हौसाबाईला लागली. ती पाटी डोक्यावर घेऊन बंदरावरून येत होती. पायाचं हाड मोडलं आहे. जीव वाचला. बांगडे रस्ताभर पसरले आणि लॉरीवाला ते गोळा करत रडत होता, म्हणून त्याला कोणी मारलं नाही.

तुला आठवत असेल त्यापेक्षा तिठा आता वेगळा झाला आहे. बैलगाड्या होत्या तेव्हा गाडीवान लांबून ओरडायचे आणि बैल स्वतःच थांबायचे. आता एस.टी. दिवसातून सहा वेळा वळते, लॉऱ्या वेगळ्याच. तीन वाटा मिळतात, बंदराची, देवबागेची आणि कुडाळची, पण मधे गाडीला फिरायला जागा एका खाटेएवढी. उंडीच्या झाडाआडून काय येतंय ते दिसत नाही.

आई म्हणते, माझी एक गोष्ट मी बोलले तशीच लिही: "पाटी डोक्यार आसताना बायलमाणसाक मान फिरवूक येणा नाय. फाटसून काय येता तां कसा दिसतला?"

ती स्वतः बरी आहे. हौसाबाईच्या मागे चार पावलं होती, एवढंच.

तुझा
श्रीपादकाका

•

कोल्हापूर
२ डिसेंबर १९५७

तीर्थरूप आई,

नमस्कार. पत्र वाचल्यावर दोन दिवस वर्गात लक्ष लागलं नाही. "चार पावलं मागे" हे शब्द काकांनी सहज लिहिले असतील. मी ती चार पावलं खोलीत चालून बघितली.

आई, मला आपला तिठा लहानपणीचा आठवतो. उंडीच्या बुंध्याशी तिठ्यावरच्या देवाचा पाषाण आणि त्याच्या उजव्या हाताला तुम्ही पाच जणी ओळीत. पहिली तू, कारण ती जागा आजीची होती. कितीही गिऱ्हाईक असलं तरी पहिली पाटी देवाच्या उजवीकडे टेकवल्याशिवाय कोणी मासळीवरचं फडकं काढत नसे. मी डाव्या बाजूला दगडी डोणीवर बसून धडे पाठ करायचे आणि गाडीवानांचे बैल माझ्या पायाशी पाणी प्यायचे. बाबा गेल्यावरही तू तिसऱ्या दिवशी तिथे जाऊन बसलीस. माझी फी, माझी पुस्तकं, माझं इथलं राहणं सगळं त्या हातभर जागेतून आलं.

इथे कोल्हापुरात चौकाच्या मधोमध एका ओट्यावर पोलीस उभा असतो. त्याने हात वर केला की मोटारी, टांगे, सायकली सगळं थांबतं आणि म्हातारी माणसं निवांत पलीकडे जातात. मी काल बराच वेळ ते बघत उभी होते. माणसाच्या जिवासाठी सगळी वाहनं थांबवता येतात, हे मी प्रथमच बघितलं. मग आपल्याकडे का नाही?

मी काहीतरी करणार आहे. काय ते आताच सांगत नाही. शिकलेल्या माणसाने पत्रातून हळहळ कळवावी एवढंच त्याचं काम नसतं.

हौसाकाकीला सांग, मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते.

तुझी
प्रेमलता

•

उंडीचा तिठा
९ जुलै १९६०

चि. प्रेमलता, बी.ए.!

हे मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. तुझ्या पासाची तार आली तेव्हा आई सुरमई कापत होती. तिने कोयता खाली ठेवला, हात धुतले, तार हातात घेतली आणि उलटी धरून बराच वेळ बघितली. मग मला म्हणाली, "आता वाच. मोठ्यान वाच, त्या देवबागच्यांकय ऐकांदे."

तिठ्यावर साखर वाटली. एस.टी. आली तेव्हा हौसाबाई लंगडत रस्त्याच्या मधे उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला, "मावशे, मरूचा आसा काय?" ती म्हणाली, "एकदा मरान झाला. साखर घे आणि जा. आमचा चेडू बी.ए. झाला." ड्रायव्हरने खाली उतरून साखर घेतली, कंडक्टरने घेतली, मग आतली माणसंही हात बाहेर काढू लागली. गाडी पाव तास उशिरा सुटली.

रत्नागिरीच्या शाळेत नोकरी लागली हे वाचून आईचा जीव खाली पडला. रत्नागिरीला समुद्र आहे, म्हणजे मासे मिळतील, असं तिचं म्हणणं.

इथे माझ्या दुकानासमोर चहाचं हॉटेल झालं. डोणीतलं पाणी आता कोणी बैल पीत नाही, हॉटेलवाला त्यात कप विसळतो.

श्रीपादकाका

•

उंडीचा तिठा
२६ नोव्हेंबर १९६१

चि. प्रेमलता,

आईचा आशीर्वाद.

रस्त्याच्या खात्याची माणसं साखळी आणि लाल निशाणं घेऊन आली होती. तिठा रुंद होणार. उंडीच्या खोडावर चुन्याची फुली मारली आहे. देवाचा पाषाण हलवायचा आणि पाचही जणींनी पावसाळ्यापूर्वी जागा सोडायची. बसायचं कुठे, असं आईने विचारलं. ओव्हरसियर साताऱ्याकडचे आहेत, माणूस वाईट नाही, पण म्हणाले, "बाई, माझ्या कागदात तेवढंच आहे."

माझी पडवीही दोन हात आत जाणार. माझं चालेल, मशीन आत घेईन. पण तिथून उठवलं तर तुझ्या आईला गिऱ्हाईक कुठे शोधणार? तीन वाटांची माणसं तिथेच एकत्र येतात. तिने चाळीस वर्षांत दुसरी जागा बघितली नाही.

कोणीतरी अर्ज केला होता म्हणे, कोल्हापूरहून, तीन-चार वर्षांपूर्वी. हौसाबाई रोज सकाळी देवासमोर उभी राहून शाप देते, "ज्यान ह्यो अर्ज केल्यान, तेच्या तोंडार शिरा पडो!"

आईने एवढंच सांगितलं आहे: "चेडवाक उगाच काळजी घालू नको."

ता. क. इथून खाली लिहितो ते तिला वाचून दाखवलेलं नाही. ओव्हरसियरांच्या फाइलीत मी तो अर्ज पाहिला. सही वाचण्याची गरज पडली नाही. तुझी पत्रं मी पाच वर्षं मोठ्याने वाचतो आहे, तुझा 'ळ' कसा वळतो ते मला ठाऊक आहे. मी कोणाला बोललेलो नाही.

श्रीपादकाका

•

रत्नागिरी
३ डिसेंबर १९६१

श्रीपादकाका,

हे पान फक्त तुमच्यासाठी. सोबतचं दुसरं पान आईला वाचून दाखवा, त्यात शाळेच्या गमती आहेत.

होय, मीच. हौसाकाकीला लॉरी लागली त्याच्या पुढच्याच महिन्यात लिहिला. किती अभिमानाने पेटीत टाकला! चार वर्षांत उत्तर नाही म्हणून मी सरकारला नावं ठेवली. आणि आता उत्तर आलं आहे.

मी घरात पहिली शिकलेली. आईच्या जागेमुळे शिकले आणि शिकून पहिलं काम काय केलं, तर तीच जागा घालवली.

अर्जाचा कच्चा मसुदा माझ्याजवळ आहे. त्यात वाक्य आहे: "वळणावरील झाड, दगड व माणसे यांमुळे समोरचे दिसत नाही." वाहनवाल्याला काय दिसत नाही ते मी लिहीत होते. त्यांनी तीन गोष्टींची यादी केली आणि तिन्ही हटवायला निघाले. काका, त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. 'माणसे' लिहिताना माझ्याच डोळ्यांसमोर कोणी नव्हतं.

काल शाळा सुटल्यावर कचेरीत गेले. कारकुनांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बायकांचा त्या जागेवर हक्क आहे, हे कोणत्या कागदावर आहे?" मी म्हटलं, आजीच्या आधीपासून बसतात. ते म्हणाले, "बसतात ते खरं. पण कागद?" मी पिशवी उचलून निघाले. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले आहे.

नाताळच्या सुट्टीत येऊन आईला सगळं सांगावं असं ठरवलं होतं. धीर होत नाही. हौसाकाकीचा शाप मला लागावा, आईला नको.

प्रेमलता

•

उंडीचा तिठा
४ मार्च १९६२

चि. प्रेमलता,

नाताळात तू आली नाहीस. आईने तुझ्यासाठी सुकवलेल्या बारीक कोलंबीचे गोलमे आणि कोकमाची सोलं बांधून ठेवली होती, ती अजून तशीच आहेत. तिने विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. आता मात्र सगळं सांगायचं आहे. आधी पाणी पी आणि बस. शेवट बरा आहे, हे आताच सांगून ठेवतो, नाहीतर तू मधली ओळ सोडून खाली बघशील.

काम गेल्या सोमवारी सुरू व्हायचं होतं. पण पाषाणाला हात लावायला एकही मजूर तयार होईना. ओव्हरसियर म्हणाले, "अरे, दहा पावलं सरकवायचा आहे, बुडवायचा नाही." मजूर म्हणाले, "सायबानु, आधी देवाक इचारा." शेवटी काल सकाळी गुरव गुरुदासला बोलावून कौल लावायचं ठरलं. सगळा तिठा जमला. हॉटेलवाल्याने चूल विझवली, एस.टी. थांबली, ड्रायव्हर टोपी काढून उभा.

कौल लावण्याआधी ओव्हरसियरांना वाटलं, हे आपल्या मनाने चाललेलं नाही हे लोकांना कळावं. म्हणून त्यांनी फाइल उघडली आणि तो अर्ज वाचायला घेतला. नाव त्यांनी वाचलं नाही, पण मजकूर सगळा वाचला. झाड, दगड, माणसे झालं. मग पुढचं वाक्य आलं: "डोक्यावर पाटी असलेल्या स्त्रीला मान वळवून मागे पाहता येत नाही, हे वाहन चालवणारांस ठाऊक नसते."

मी तुझ्या आईकडे बघितलं. ती पदराचं टोक दातांत धरून उभी होती. ते तिने सोडलं, मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. बाकी काही नाही. हौसाबाई शेजारी शाप पुटपुटत होती. तिला आई म्हणाली, "गप गो जरा."

मग गुरुदासने पाषाणाला पाणी घातलं, दोन्ही बाजूंना ओली पानं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही वाट रुंद होतली. तुका धा पावलां सरकूक व्हया. तू राजी आसंस तर उजवो कौल दी."

सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!"

उजवं पान लगेच पडलं. ओव्हरसियरांनी घाम पुसला आणि मजुरांना पहारी आणायला सांगितलं.

"थांबा सायबानु," तुझी आई म्हणाली. "कौल अर्धोच झालो."

"आता काय राहिलं, बाई?"

"देव सरकतलो, बरा आसा. पण आमची पाटी देवाच्या उजव्या हाताक टेकता. देव सरकलो काय उजवो हात हयच रवतलो?"

ओव्हरसियर म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे देव जंय, तेचो हात थंय. आणि हात जंय, आमी थंय. माका काय इचारतास? देवाक इचारा."

प्रेमा, एवढी माणसं गुरुदासकडे बघू लागली. कारण खोटं त्यात काहीच नव्हतं. गुरुदासने नवीन पानं लावली आणि तेच विचारलं. या खेपेला पान पडेना. एस.टी.तलं मूल रडलं तेवढाच आवाज. हौसाबाई देवावरच चिडली, "आता कित्याक अडलंस? इतकी वर्सां खालेले मासे गोड लागले मां?" माणसं हसली आणि तेवढ्यात पान पडलं. उजवं.

"होय म्हाराजा!" मजूर सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

ओव्हरसियरांनी नकाशा माझ्या मशीनवर पसरला. म्हणाले, "बाई, दगडाच्या उजव्या बाजूला गटार दाखवलं आहे."

"मगे गटार डाव्या हाताक घाला. डाव्या हाताक कोण बसता?"

त्यांनी नकाशावर बोटाने अंतर मोजलं. मग माझ्याकडची खडूची पेन्सिल मागितली, गटार खोडलं आणि पलीकडे काढलं. स्वतःशीच हसत होते. जाताना मला म्हणाले, "नकाशात देवाचा हात दाखवता येत नाही. पुढे दुसरा कोणी साहेब येईल तेव्हा काय? वर पाठवायला मला लेखी काहीतरी द्या."

झाड मात्र जाणार. ते वाचवता आलं नाही. त्याचं लाकूड होडीला जाईल. बिया आईने उचलून ठेवल्या आहेत.

गर्दी पांगल्यावर ती माझ्या दुकानात आली. म्हणाली, "शिरपादा, त्या कागदात माझा बोलणा होता, नाय?"

मी म्हटलं, "होय."

"तुका कधीपासून ठावक?"

"तीन महिने झाले."

"मेल्या," ती म्हणाली. मग तिने मला लिहायला बसवलं. पुढचं सगळं तिचं आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही:

"प्रेमा, म्हणान तू नाताळात इलंस नाय? खुळा चेडू. तुया केलंस तां बरां केलंस. लॉरी हौसाक लागली, उद्या माका लागली असती. वाट रुंद होऊकच व्हयी होती. माझा बोलणा कचेरीत सगळ्यांनी वाचल्यानी, माका बरां वाटला. रडू नको. पण फुडल्या खेपेक अर्ज लिवशीत तेव्हा माणसां म्हणान लिवू नको. नावां घाल."

श्रीपादकाका

•

रत्नागिरी
११ मार्च १९६२

तीर्थरूप आई,

हे पत्र काकांनी पूर्ण वाचावं, आता काही लपवायचं नाही.

मी पाणी प्यायले नाही आणि बसलेही नाही. पोस्टाच्या पायरीवर उभ्याउभ्या वाचलं. "होय म्हाराजा"पाशी मीसुद्धा मोठ्याने म्हटलं आणि पोस्टमन वळून बघू लागला. तीन महिने मी नीट जेवले नव्हते. आज खाणावळीत माशाच्या दोन तुकड्या जास्त मागून घेतल्या.

कचेरीतल्या कारकुनांनी मला कागद विचारला होता आणि मी निघून आले. तुला कोणी विचारलं असतं तर तू देवाला विचारा म्हणाली असतीस. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात हे उत्तर नव्हतं. पण ओव्हरसियर म्हणतात तेही खरं आहे. पान एकदा पडतं, साहेब दर तीन वर्षांनी बदलतो. म्हणून कागद हवाच. तो मी लिहिते.

नवा अर्ज सोबत आहे. नीट ऐक आणि क्रम चुकला असेल तर कळव:

"उंडीच्या तिठ्यावर देवाच्या उजव्या हातास पुढील स्त्रिया परंपरेने मासळी विकतात. देवापासून क्रमाने: १. हिराबाई, २. हौसाबाई, ३. यमुनाबाई, ४. रुक्मिणी, ५. सीता. त्यांची जागा रस्त्याच्या नकाशात नावांसह दाखवावी व उन्हापावसासाठी तिथे छप्पर द्यावे."

पाचही जणींचे अंगठे घ्या. अर्ज कोणी लिहिला तेही हौसाकाकीला सांगा. दोन्ही अर्ज.

मी शिमग्याला येते. गोलमे ठेवा.

तुझी
प्रेमलता

•

उंडीचा तिठा
२० जानेवारी १९६४

चि. प्रेमलता,

आईचा आशीर्वाद आणि एक नारळाची कवड. कवड अशासाठी की काल हौसाबाईने शाप परत घेतला. शिमग्याला तुझ्या तोंडावर म्हणाली होती, "कागद येवंदे, मगे बघतंय." काल कागद आला. तिने देवापुढे नारळ फोडला आणि म्हणाली, "देवा, दोन वर्सांमागे बोलल्लंय तां इसर. माका काय ठावक आपलाच चेडू म्हणान." अर्धा नारळ तिने स्वतः खाल्ला, अर्धा तुला पाठवते आहे.

तू आता आलीस तर तिठा ओळखणार नाहीस. तिन्ही वाटा डांबरी झाल्या. मधे गोल ओटा आहे, त्याला वळसा घालून गाड्या जातात. कोल्हापूरसारखा पोलीस नाही, पण ड्रायव्हरला लांबून सगळं दिसतं. दोन वर्षांत कोणाला खरचटलंसुद्धा नाही. विजेचा खांब आला. उंडी नाही, तरी कंडक्टर "उंडीचो तिठो" असंच ओरडतो आणि नवी माणसं उतरून झाड शोधतात. आईने लावलेलं रोप गुडघ्याएवढं झालं आहे. त्याची सावली अजून पडत नाही, म्हणून पाचही जणी झावळांच्या मांडवात बसत होत्या.

होत्या, असं लिहिलं, कारण कालच्या कागदात पत्र्याच्या छपराची मंजुरी आहे. रत्नागिरीहून, टाइप केलेला, शिक्क्यासह. सोबत नकाशा. नकाशात एक लहान चौकोन आहे, त्याच्या उजवीकडे लांबट जागा आणि त्या जागेत पाच नावं, तू लिहिली होतीस त्याच क्रमाने.

मी मोठ्याने वाचला. यमुनाबाई म्हणाली, माझं नाव कुठे आहे ते बोटाने दाखव. दाखवलं. मग प्रत्येकीला दाखवावं लागलं. सीताने आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ते उचलेचना, तिच्या बोटाला खवले होते, कागदाला एक चिकटला आहे. राहू दे म्हटलं. रुक्मिणीने दोनदा वाचायला लावलं. हौसाबाई म्हणाली, "माझा नाव दुसरा कित्याक?" आई म्हणाली, "लॉरीच्या फुडे पयली गेल्लंस, तां पुरे."

मग त्या उठल्या. बंदरावर होड्या लागल्या होत्या. तासाभराने पाचही जणी पाट्या घेऊन परत आल्या. आई सगळ्यांत पुढे. कुडाळची एस.टी. तिच्या मागून आली, लांबूनच हळू झाली आणि तिच्यामागून चालत राहिली. आईने मान वळवली नाही. सरळ आली, देवाच्या उजव्या हाताला पाटी टेकवली आणि फडकं काढलं.

श्रीपादकाका